परतीचा पाऊस, उल्हास नदी आणि आपला उभा ऊस



मागच्या गटसभेत एका ज्येष्ठ सभासदाने आम्हाला कोड्यात टाकले. त्यांचा मुलगा डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या अंगाला राहतो. परतीच्या पावसातल्या एका रात्री त्याचा फोन आला, "अण्णा, पाऊस उघडून दोन तास झाले, वर चांदणं पडलंय, आणि खाली जिन्याच्या पायरीला पाणी चढतंच आहे. सामान हलवू का नको?" अण्णांना काय सांगावे ते कळेना. आपल्याकडे पाऊस उघडला की ओढा उतरतो, हा आपला जन्माचा अनुभव. सभेत कुणी म्हणाले, धरण सोडले असेल. कुणी म्हणाले, गटारी तुंबल्या असतील. दोन्ही थोडेथोडे खरे असेल, पण मुख्य कारण तिसरेच आहे. ते नीट समजले तर कृष्णाकाठच्या आपल्या रानातल्याही काही गोष्टी उलगडतात. म्हणून या अंकाचा पाठ उल्हास नदीवर घेतला आहे.

"ऊस सोडून ठाण्याची नदी कशाला?" असे कुणी विचारील. विचारावेच. पण आपल्यापैकी किती घरांतली एक चूल आज ठाणे, कल्याण, डोंबिवली, बदलापूर इथे पेटते, ते मोजा. उसाच्या बिलातून पोराला तिकडे खोली घेऊन दिलेले सभासदही कमी नाहीत. आणि दुसरे असे की त्या नदीत थोडे पाणी आपलेच आहे. मावळातली आंध्रा नदी इंद्रायणीला, इंद्रायणी भीमेला आणि भीमा कृष्णेला मिळते. या आंध्रेवर ठोकरवाडीला टाटांनी धरण बांधले आणि १९२२ पासून तिचे पाणी घाटाखाली भिवपुरीच्या वीजघरात उतरवले. वीज करून झाली की ते पेज नदीत जाते, पेज उल्हासला मिळते. उन्हाळ्यात उल्हास वाहती दिसते ती बरीचशी या पाण्यावर. कृष्णा खोऱ्याचे पाणी असे कोकणात जाते, याबद्दल आपल्या सभांतून पुष्कळ बोलले गेले आहे. तो विषय आज काढत नाही.

उल्हास उगम पावते राजमाचीच्या डोंगरात, लोणावळा-खंडाळ्याच्या वरच्या अंगाला. लांबी सुमारे १२२ किलोमीटर. कृष्णेच्या मानाने हे काहीच नाही. पण घाटमाथ्यावरून ती पहिल्या थोड्याच अंतरात खाली कोसळते आणि मग कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर अशी जवळजवळ सपाट रानातून वळणे घेत जाते. वाटेत पोशीर, पेज, बारवी येऊन मिळतात. अंबरनाथ-उल्हासनगरची घाण घेऊन वालधुनी येते. भातसा काळूला मिळते आणि काळू कल्याणच्या अंगाला उल्हासला. म्हणजे माथेरानपासून माळशेजपर्यंतच्या डोंगराचे पाणी कल्याणच्या एका गळ्यातून जाते. कोयनेचे सोडलेले पाणी सांगलीला पोचायला दिवसभर तरी जातो, तेवढ्यात आपण मोटारी वर काढतो, जनावरे हलवतो. उल्हासकाठच्या माणसाला एवढी उसंत नाही. कर्जतला झोडपले की बदलापूरला काही तासांत पाणी. बदलापूरला या नदीची इशारा पातळी साडेसोळा मीटर आणि धोका पातळी साडेसतरा मीटर धरतात. मध्ये अंतर फक्त एक मीटरचे.

आता अण्णांच्या पोराच्या जिन्याकडे येऊ.

कल्याणच्या खाली उल्हास ही नदी राहत नाही, खाडी होते. तिथे समुद्राची भरती येते. ठाण्याजवळ तिचे दोन फाटे होतात. मोठा फाटा घोडबंदरावरून वसईच्या खाडीत जातो, दुसरा ठाण्याच्या खाडीने दक्षिणेला मुंबई बंदराकडे. साष्टी बेट दोन्हीकडून पाण्याने वेढले आहे ते यामुळेच. या भरतीवरच कल्याण हे जुन्या काळापासून बंदर होते. १६५७ साली कल्याण घेतल्यावर शिवाजी महाराजांनी दुर्गाडी किल्ला बांधला आणि तिथेच जहाजे बांधायला सुरुवात केली. डोंगराच्या इतक्या जवळ जहाज येते कसे? भरतीच्या पाण्याबरोबर येते. पण जी भरती जहाज वर आणते, तीच पुराचे पाणी खाली जाऊ देत नाही.

आपल्याकडचे उदाहरण घ्या, म्हणजे लगेच पटेल. नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा तुडुंब असेल तर पंचगंगेला आत शिरायला वाव मिळत नाही, तिचे पाणी मागे फुगत जाते. शिरोळच्या बाजूला अशा वेळी थेंबभर पाऊस नसला तरी पाणी चढते. याला आपण फुगवटा म्हणतो. कल्याण-डोंबिवलीला कृष्णेच्या जागी समुद्र आहे, एवढाच फरक. शिवाय हा फुगवटा घड्याळाने येतो. दर साडेबारा तासांच्या आसपास एक भरती, आणि रोज ती सुमारे ५० मिनिटे उशिरा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती, ती सर्वांत उंच. वर्तमानपत्रात छापतात ती वेळ मुंबई बंदराची असते, खाडीतून वर कल्याणपर्यंत पोचायला पाण्याला आणखी वेळ लागतो. तेव्हा पाऊस उघडला, चांदणे पडले, तरी वर कर्जत-मुरबाडकडे पडलेले पाणी अजून वाटेत असते आणि खालून उधाण दार लावून बसलेले असते. पोराने "पाऊस किती झाला" हे विचारून उपयोग नाही. "भरती किती वाजता" हे विचारायला हवे. चांदणे पडले होते म्हणजे तिथी पौर्णिमेजवळची असावी, हे अण्णांच्या ध्यानात यायला हवे होते. तिथ्या तर त्यांना तोंडपाठ!

पावसाचा आकडा एकटा किती फसवा असतो, याचे मोठे उदाहरण २६ जुलै २००५ चे. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि कुलाब्याच्या वेधशाळेत ७५ मिलिमीटरच्या आत. एकाच शहरातली ही दोन ठिकाणे. कुलाब्याचा आकडा बघून कुणी घरी निजला असता तर? त्या दोन दिवसांत उल्हास, वालधुनी, काळू साऱ्याच फुगल्या आणि कल्याण, बदलापूर, उल्हासनगरच्या सखल वस्त्या पाण्यात गेल्या.

दुसरे उदाहरण आपल्या गाडीचे. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हासच्या पाण्यात अडकली. डब्यांच्या चारी बाजूंनी पाणी, पुढे जाता येईना, मागे येता येईना. २७ तारखेला आपत्ती दलाने, नौदलाने आणि आसपासच्या गावकऱ्यांनी मिळून सुमारे १०५० प्रवासी बोटींनी बाहेर काढले. एकही जीव गेला नाही. गाडी कोल्हापूरची, त्यामुळे आपल्या भागातल्या घरोघरी त्या दिवशी फोन वाजत होते. पुढच्या दहा-बारा दिवसांतच पंचगंगा आणि कृष्णेने आपली जी दशा केली ती वेगळी सांगायला नको.

कुणी म्हणेल, ही दोन्ही उदाहरणे जुलैची झाली. परतीच्या पावसाची एवढी भीती का? शंका बरोबर आहे. उल्हासचे नाव घेण्यासारखे महापूर जुलै-ऑगस्टातलेच. हस्त-चित्राचा पाऊस एकूण मोजला तर थोडका असतो. पण आमचे म्हणणे असे आहे की पाऊस किती पडला याबरोबर त्या पाण्याला जागा किती शिल्लक होती, हे बघितले पाहिजे. जूनमध्ये जमीन तहानलेली, धरणे रिकामी, ओढे कोरडे. १०० मिलिमीटर पडला तरी रान पिऊन टाकते. दसऱ्याच्या सुमारास जमीन तुडुंब, विहिरी काठोकाठ, धरणे भरलेली. बारवी धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत, ठरलेल्या पातळीला पाणी लागले की ते उघडतात, येईल तेवढे पाणी खाली जाते. त्यात कुणाची चूक नाही, भरलेल्या रांजणात आणखी घागर ओतली की ती सांडणारच. हिशेब करून बघा, १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर सुमारे दहा हजार लिटर, एक टँकर. एकरावर चाळीस टँकर. जूनमध्ये त्यातले निम्मेशिम्मे जमिनीत मुरेल. ऑक्टोबरमध्ये जवळजवळ सगळे ओढ्याला लागते.

हे आपल्या राज्याने ऑक्टोबर २०२० मध्ये चांगलेच पाहिले. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा १३ तारखेला आंध्रच्या किनाऱ्यावर चढला आणि विरून न जाता तेलंगण, उत्तर कर्नाटक ओलांडून थेट सोलापूर, सांगली, पुण्यावर आला. पुढे तो अरबी समुद्रात उतरला. उजनी आधीच भरलेले होते. आलेले पाणी पुढे सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. भीमेला पूर आला, पंढरपुरात पाणी शिरले. १४ तारखेला तिथे कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा माणसे गेली. हत्ती पडला तर भिंती पडतात, अशी म्हण जुनी माणसे उगीच करून ठेवत नव्हती. पंढरपूर, माढा, माळशिरसाकडचा उभा ऊस त्या दोन दिवसांत आडवा झाला. गाळप सुरू व्हायच्या तोंडावर.

आता वाऱ्याबद्दल, कारण उसाला पाण्यापेक्षा वारा जास्त नडतो.

मान्सूनचा वारा एका दिशेचा, नैर्ऋत्येकडून येणारा. त्याला ऊस सवयीने झेलतो. परतीच्या पावसाचे तसे नाही. दुपारपर्यंत ऊन तापते, चार वाजता ढग उभे राहतात, आणि ढगातली गार हवा पावसाबरोबर धाडकन खाली येऊन जमिनीवर चारी दिशांना पसरते. हा झोत दहा-वीस मिनिटे टिकतो. दिशा सांगता येत नाही. याच दिवसांत अरबी समुद्रातही चक्रीवादळे होतात, कारण पाणी अजून कोमट असते आणि मान्सूनमधला वरच्या हवेचा जोरकस वारा तेव्हा उतरलेला असतो. नोव्हेंबर १९४८ मध्ये असेच एक वादळ मुंबईवर आले होते. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर चढले. आणि २०१९ च्या ऐन दिवाळीत क्यार हे फार मोठे वादळ किनाऱ्यावर न चढता समुद्रातूनच निघून गेले, पण जाता जाता पाऊस देऊन गेले. त्याच्यामागे लगेच महा वादळ आले.

क्यारने ठाणे जिल्ह्यात काय केले ते आपण लक्षपूर्वक बघण्यासारखे आहे. मुरबाड, शहापूर, कल्याण या तालुक्यांत त्या वेळी भात कापणीला आलेले असते. हळवे भात कापून रानात पसरलेले, गरवे उभे. कापलेले भात पाण्यात तरंगले, लोंबीला कोंब फुटले. उभे होते ते वाऱ्याने आडवे झाले. सरकारने त्या वेळी खरिपाच्या पिकांना हेक्टरी ८००० रुपये मदत जाहीर केली. एकराला ३२०० रुपये पडले. यात मजुरी तरी निघते का, ते ज्याने त्याने मनाशी ठरवावे. पण एक फरक डोळ्यांत भरतो. ठाण्याच्या शेतकऱ्याने चार दिवस आधी भात उचलून झोडले असते तर दाणा घरात आला असता. आपल्याला तशी सोय नाही. ऊस कारखान्याच्या तोडणी कार्यक्रमाप्रमाणेच तुटायचा. तेव्हा आपल्या हातात एकच गोष्ट उरते, ऊस उभा राहील असे बघणे.

वाऱ्याचा हिशेब थोडा विचित्र असतो. वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात डोलणारा ऊस ८० च्या वाऱ्यात चौपट ढकलला जातो. त्यात आडसाली लागण ऑक्टोबरात चौदा-पंधरा महिन्यांची, डोक्याइतकी नव्हे तर दोन पुरुष उंच, वाढ्यात पाणी साठलेले, आणि खाली वापसा नसलेली चिखलाची जमीन. खुंट्याला धरायला घट्ट माती नाही. म्हणून पहिल्या दिवशीच्या वादळात उभा राहिलेला ऊस तिसऱ्या दिवशीच्या साध्या वाऱ्याने पडतो. "एवढा वारा तर नव्हता" असे आपण म्हणतो. वारा तेवढाच होता, माती तेवढी राहिली नव्हती.

पडल्यानंतरचे नुकसान सर्वांना ठाऊक आहे तरी लिहितो. एका दिशेने लोळलेला ऊस तोडता तरी येतो. फिरत्या वाऱ्याने पडलेल्याचा गुंता होतो. टोळी तिथे पाऊल घालायला तयार नसते, मुकादम वेगळी खुशाली मागतो, यंत्राला तर तो घेताच येत नाही. जमिनीला टेकलेल्या कांड्यांना मुळ्या सुटतात, डोळे फुटतात. त्या फुटव्यांना लागणारे अन्न उसातल्या साखरेतून जाते. उंदीर लागतात. शेंडा पुन्हा सूर्याकडे वळतो, ऊस वाकडा होतो, मोळी बांधता येत नाही. उतारा घसरतो आणि तो एका सभासदाच्या प्लॉटचा घसरत नाही, सगळ्या कारखान्याचा घसरतो. उसाचा दर त्या उताऱ्यावर ठरतो. शेजाऱ्याचा लोळलेला ऊस आपल्याही बिलातून थोडा कापून नेतो.

पूर येऊन गेलेल्या उसात मात्र आधी पोंगा बघावा. पोंगा पाण्याच्या वर राहिला असेल तर ऊस बहुतेक वाचतो. पोंग्यात गाळाचे पाणी शिरून तो दिवस दिवस बुडाला असेल तर कुजतो, ओढला की हातात येतो, घाण वास मारतो. असा ऊस वाढणार नाही, दिवसागणिक वजनाला आणि साखरेला उतरेल. त्याची तोड आधी झाली पाहिजे. ज्याचा पोंगा शाबूत आहे त्याने थोडे थांबावे. सगळेच गट ऑफिसला येऊन "माझा आधी" म्हणाले तर खरा कुजणारा ऊस मागे पडतो, हे गेल्या पुरांत आपण पाहिले आहे आणि त्यावरून भांडणेही पाहिली आहेत.

म्हणून हस्त लागायच्या आत, म्हणजे २७ सप्टेंबरच्या आधी, काही कामे उरकावीत. मोठी बांधणी ज्यांनी वरवर केली आहे त्यांना आता उंच उसात शिरता येणार नाही, ती चूक पुढच्या वर्षी सुधारावी. पण चर अजून काढता येतात. रानाच्या खालच्या बांधाला पाणी जिथे तुंबते तिथे एक चर ओढ्यापर्यंत मोकळा केला तर वापसा लवकर येतो आणि खुंट्याला माती धरून ठेवते. आमच्या मते सगळ्या उपायांत हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय. कारण चर काढायचा म्हणजे शेजाऱ्याशी बोलावे लागते. आडसाली उसाच्या बांधाकडच्या ओळी पाचटाने जोडीजोडीने बांधाव्यात, वारा पहिल्यांदा तिथेच शिरतो. आतला सगळा प्लॉट बांधणे मजुरीला परवडेलच असे नाही, कडा तरी बांधा. बांधताना हिरवी पाने कमीत कमी गुंतवा. आणि बांधणीनंतर हिरवेपणाच्या हौसेने युरियाचा जादा हप्ता टाकायची सवय सोडा. असा ऊस दिसायला भरदार, पण मऊ राहतो आणि आधी लोळतो.

आता खोलीबद्दल, कारण गटसभेनंतर तिघा-चौघांनी आम्हाला बाजूला घेऊन हेच विचारले. नदीकाठी दोन पूररेषा आखलेल्या असतात. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या-लाल रेषांच्या मध्ये अटींवर. उल्हासच्या काठीही या रेषा आहेत. घर विकणारा म्हणतो, "काका, हा पूर २५ वर्षांतून एकदा. २००५ ला येऊन गेला." हे ऐकून समाधान मानू नये. २५ वर्षांतून एकदा म्हणजे दरवर्षी शंभरात चार इतकी शक्यता. पूर मागच्या पुराची तारीख लक्षात ठेवत नाही. गृहकर्ज २५ वर्षांचे घेतले तर तेवढ्या काळात निळ्या रेषेचा पूर एकदा तरी दारात येण्याची शक्यता शंभरात सुमारे ६४ निघते. लाल रेषेचा पूर येण्याचीही शंभरात २२. बयाणा देण्यापूर्वी नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन इमारत कोणत्या रेषेत येते ते नकाशावर बघावे. पाटबंधारे खात्याकडेही या रेषांची माहिती असते. आणि खालच्या मजल्यावर राहणाऱ्या जुन्या भाडेकरूला विचारावे, २००५ ला पाणी कुठवर आले होते. तो भिंतीवर बोट ठेवून दाखवतो.

शेती विभागाने सर्व गट ऑफिसांत लोळलेल्या आणि पुरात सापडलेल्या उसासाठी नोंदवही ठेवली आहे. नोंद देताना गट नंबर, लागणीची तारीख, जात, किती गुंठे पडला, एका दिशेने पडला की गुंता झाला, आणि पोंगा जिवंत आहे की कुजला, एवढे सांगावे. चिटबॉय येऊन पाहून जाईल.

अण्णांच्या मुलाला आम्ही त्याच आठवड्यात फोन केला होता. त्याने मोटारसायकल वरच्या चौकात नेऊन लावली, खालच्या घरातल्या म्हातारीला आपल्या खोलीत आणून निजवले आणि गच्चीवर जाऊन बसला. पहाटेच्या सुमारास ओहोटी लागली, पाणी पायरी पायरीने उतरू लागले. त्या रात्री पुन्हा पाऊस पडला नव्हता.